ओले बूट

पावसाळ्यात परळ-लालबागच्या चाळींतून गॅलरीच्या कठड्याला बूट तिरके टेकवलेले दिसतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. रात्रभरात कागद पाणी ओढून घेईल, असा भरवसा. सकाळी हात घालून पाहावं तर दमटपणा तसाच. तरी माणसं तेच बूट चढवतात आणि निघतात. शिवाजी पार्कला पळायला जाणाऱ्या मुलीही निघतात. सुरुवातीला पायाला गार लागतं. मग पाय विसरतो.

खरंच विसरतो, की त्याला दुसरं काम मिळतं?

स्टीपलचेस नावाची शर्यत आहे. तीन हजार मीटर, म्हणजे साधारण साडेसात फेऱ्या. वाटेत २८ अडसर आणि सात वेळा पाणी. महिलांसाठी अडसर ७६.२ सेंटिमीटर उंच. साध्या हर्डलसारखा तो धक्क्यानं पडत नाही. पडायचं तर आपण. पाण्याच्या अडसरापलीकडे ३.६६ मीटर लांबीचा हौद असतो. त्याचा तळ चढता. अडसराजवळ पाणी खोल, पुढे उथळ होत होत ट्रॅकला मिळालेलं.

बहुतेक जणी त्या अडसरावर एक पाय देतात, रेटा घेतात, दुसरा पाय उथळ पाण्यात टेकवतात आणि पुढच्या पावलाला बाहेर पडतात. अख्खा हौद कोरडा ओलांडायला लागते ती ताकद पुढच्या फेरीतून वजा होते. त्यामुळे भिजायचं की नाही, हा विचार मागेच सुटलेला असतो. पाय कुठे टेकवायचा, एवढाच उरतो.

बूट पहिल्याच उडीत भिजतो. उरलेली सगळी शर्यत ओल्या बुटानं.

मला यातलं आवडतं ते हे, की पाणी इथं चुकून आलेलं नाही. कुणीतरी मोजून हौद बांधला, मोजून भरला. इथं पाय भिजल्याबद्दल कुणी हळहळत नाही. बायकांच्या वाट्याला मात्र ही शर्यत उशिरा आली. ऑलिम्पिकमध्ये पुरुष १९२० पासून तीन हजार मीटर स्टीपलचेस पळत आले. महिलांची पहिली शर्यत झाली २००८ साली, बीजिंगला. मधली ८८ वर्षं त्यांचे बूट कोरडे राहावेत, अशी कुणाची तरी इच्छा असावी.

ही शर्यत पळणारी ललिता बाबर साताऱ्याच्या माण तालुक्यातली, मोही गावची. घाटावरून परळ-लालबागच्या गिरणगावात आलेल्यांत सातारकर पुष्कळ, त्यामुळे लालबागला माणचा दुष्काळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अशा गावच्या मुलीनं पाण्यात पाय टाकायची शर्यत निवडावी, यात काहीतरी अर्थ शोधायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. तिला बहुधा एवढंच दिसलं असेल, की इथं आपल्याला वेगानं पळता येईल.

मुंबईनं तिला आधी रस्त्यावर पाहिलं. २०१२ ते २०१४, सलग तीन वर्षं, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली आली. जानेवारीतली सकाळ, पेडर रोडचा चढ, माहीमहून प्रभादेवीवरून परतीची वाट. ४२ किलोमीटर कोरडा रस्ता. तो सवयीचा झालेला, यशही देणारा. तिथून तिनं लक्ष वळवलं ते स्टीपलचेसकडे. जिथं जिंकतोय तिथून उठणं मला हरण्यापेक्षा अवघड वाटतं. २०१४ मध्येच इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत तिला कांस्य मिळालं, पुढच्या वर्षी वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण.

मग रिओ. १३ ऑगस्ट २०१६ ला प्राथमिक फेरीत तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंद ही वेळ दिली. तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. १९८४ मध्ये पी. टी. उषा पळाली, त्यानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय महिला ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर, वैयक्तिक प्रकारात प्राथमिक फेरी पार करून, अंतिम शर्यतीत उभी राहणार होती.

ती शर्यत १५ ऑगस्टला झाली. आपल्याकडे संध्याकाळ होती. सकाळचं झेंडावंदन केव्हाच आटोपलेलं. ललिता दहावी आली. वेळ ९ मिनिटं २२.७४ सेकंद.

दोन दिवसांपूर्वीपेक्षा सुमारे तीन सेकंद जास्त. निकालाच्या तक्त्यात क्रमांक असतो, वेळ असते. पाऊल कुठल्या फेरीत नेमकं पडलं आणि कुठल्या फेरीत जरा अलीकडे, खोल पाण्यात, हे तिथं लिहिलेलं नसतं. ते तीन सेकंद एखाद्याच उडीत गेले असतील, किंवा सातही उड्यांत थोडे थोडे.