गल्ली तिने निवडली



सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस (रजि.) यांनी कथन केलेला एक प्रसंग आहे. मदिनेतील एका स्त्रीच्या बुद्धीत काही बिघाड होता. ती प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आपले काम घेऊन आली. तिला हवी ती गल्ली तिने निवडावी, असे प्रेषितांनी तिला सांगितले. मग ते तिच्यासोबत वाटेवर थांबले आणि तिचे सांगणे संपेपर्यंत तेथून हलले नाहीत. जागा तिने ठरवली, वेळ तिच्या बोलण्याने ठरली. ऐकणाऱ्याने आपली रीत बदलली.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत कर्जाच्या लेखाविषयी आदेश आहे. ऋणको अल्पबुद्धी, दुर्बल किंवा मजकूर सांगण्यास असमर्थ असेल, तर त्याच्या वलीने तो न्यायाने सांगावा. असमर्थाचा हक्क बुडू नये म्हणून त्याला आवाज दिला गेला आणि त्या आवाजावर न्यायाची अट घातली गेली.

देशाचा कायदाही याच दिशेने जातो. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाचे कलम 12 न्यायालय, न्यायाधिकरण व चौकशी प्राधिकरणांपुढे भेदभावाविना दाद मागण्याचा हक्क देते. मनोरुग्णताही त्या अधिनियमात येते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानुसार केवळ आजाराच्या निदानावरून कोणी विकल मनाचा ठरत नाही. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका मनोरुग्ण अधिकाऱ्यावरील शिस्तभंगाची कारवाई सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये अप्रत्यक्ष भेदभाव मानली.

आता आपल्या घरात पाहू. समजा, आंबवड्याच्या एका भावाला फेरफाराच्या हरकतीवरील सुनावणीसाठी भोरच्या तहसील कार्यालयाची नोटीस आली. त्याला रात्र-रात्र झोप नाही, गर्दीत बोलणे तुटते. तो गेला नाही, तर ‘गैरहजर’ असा शेरा पडेल. गेला आणि अडखळला, तर खोटा वाटेल. अशा वेळी “त्याला काय कळते” म्हणून गप्प बसणारा भाऊ त्याच जमिनीचा वाटेकरी असेल, तर त्याच्या मौनाचा हिशेब अल्लाहपुढे होईल.

म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडून मुदत मागा. तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा; 1987 च्या कायद्याने दिव्यांगांना तो हक्क दिला आहे. त्याच्यासोबत जा, पण त्याचे म्हणणे आधी त्यालाच विचारा. आपल्यापैकी जे अधिकारपदी आहेत, त्यांनी त्या स्त्रीसाठी थांबलेले पाऊल आठवावे.

हे अल्लाह, आम्हाला दुर्बलाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकण्याचा धीर दे. आमीन.