जावाचे चाक आणि अवयवीचा प्रश्न

रोहिणखेडात कोणाच्या पडवीत म्हैसूरच्या कारखान्यातील जुनी जावा मोटारसायकल उभी असेल आणि तिचे मूळचे १६ इंची चाक गंजून निकामी झाल्यावर तेथे त्याच कारखान्यातून पुढे निघालेल्या रोडकिंगचे १८ इंची चाक बसविले, तर ती गाडी तीच राहते काय? वैशेषिक दार्शनिकांचे उत्तर कठोर आहे: एक अवयव गळला की जुना अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली अखंड वस्तू, नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो. बौद्ध भिक्खू नागसेनाने मिलिंदराजाला ‘रथ’ हे केवळ व्यवहारातील नाव असल्याचे पटविले. सरकारी दफ्तरात चासी आणि इंजिन यांचे क्रमांक नमूद असतात, चाकाचा उल्लेख नसतो. पन्नास वर्षांवरील वाहनांच्या ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी मूळ स्वरूपाची अट घालणारा २०२१ चा नियमही मुख्यतः याच अंगांकडे पाहतो.

मला मात्र अवयवांची परस्परसंगती निर्णायक वाटते. गावातील खुदावंदखानाच्या १५८२ च्या मशिदीचा चिरा त्याच मापाच्या चिऱ्याने बदलला, तर मशीद बदलली असे कोणी म्हणत नाही. १८ इंची चाकाने मात्र मडगार्डखालची फट आकसते, गाडी त्या टोकाला इंचभर उंचावते, तिची बैठकच पालटते. म्हणून या गाडीनंतर दहा वर्षांनी बनलेल्या जावाचे १६ इंची चाक मी निःशंक स्वीकारीन. रोडकिंगचे, ते कितीही मजबूत असले तरी, नाही.