रेड्याला नमस्कार, बैलाला पराणी?

सज्जनहो, चाकणवरून नाशिकच्या वाटेने पुढे गेले की जुन्नर तालुक्यात आळे गाव लागते. माउलींनी पैठणास ज्याच्या मुखी वेद बोलविले, त्या रेड्याची समाधी तेथे आहे. आपण तेथे माथा टेकतो. आणि गावच्या यात्रेत घाटावर बैलगाडा सुटला की बैलाची शेपटी पिरगाळतो, पराणी टोचतो! ही कसली भक्ती हो?

मुक्या जिवांच्या छळाविरुद्ध १९६० साली कायदा झाला. त्याच्याच आधारे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती ग्राह्य धरली. म्हणजे मोकळीक शर्यतीला मिळाली, छळाला नाही, हे नीट ध्यानी घ्या.

पण कायद्याचा डोळा घाटापुरता. रात्री गोठ्यात शिपाई येत नाही. तेथे साक्षी एक पांडुरंग. आषाढीला माउलींच्या रथाला जुंपलेल्या जोडीला आपण हात जोडतो. तिच्यातला जीव आणि आपल्या दावणीचा जीव, दोन आहेत काय? बारी हुकली तर हुकू द्या, दया हुकवू नका.

रामकृष्णहरि.