दहावीला बघू म्हणणाऱ्यांसाठी

खुलासा नंतर द्या सर, आधी ऐका. आठवीतल्या त्या मुलाला काल अभ्यासिकेत उभं करून तुम्ही धडा मोठ्यानं वाचायला लावलात. त्यानं ‘भ’चा ‘म’ केला, ‘घ’चा ‘ध’ केला. पोरं फिदीफिदी हसली आणि तुम्ही हसू दिलंत. वर शिक्षा काय, तर तोच धडा पाचदा लिहून काढ! डिस्ग्राफिया असलेल्या मुलाला लिहिण्याचीच शिक्षा?

त्याचं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र जूनपासून ऑफिसच्या फायलीत आहे. उघडून पाहिलंत? ‘दहावीला बघू’ म्हणालात म्हणे. जादा वेळ, लेखनिक या सवलती बोर्ड देईलच. महाराष्ट्रात त्या १९९६ पासून आहेत. पण उत्तर तोंडी सांगून दुसऱ्याकडून लिहून घ्यायलाही सराव लागतो. तो काय परीक्षेच्या हॉलमध्ये करायचा?

‘बाकीच्यांवर अन्याय होतो’ हे पालुपद तर पुन्हा ऐकवूच नका. निकालपत्रकाच्या बेरजा तुम्ही स्वतः कॉम्प्युटरवर मारता, तेव्हा अन्याय आठवत नाही. आणि ही मेहेरबानी नव्हे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. ती लवकर ओळखून शिकवण्याची पद्धत बदलावी, असं तो कायदा सांगतो. दहावीची वाट पाहा, असं कुठंही म्हणत नाही.

त्यातून आपली शाळा निवासी. इतर शाळांतली मुलं संध्याकाळी घरी जातात, न जमलेला धडा कुणीतरी वाचून दाखवतं. याला रात्रीही आपणच. सूचनाफलक, मेसचं वेळापत्रक, धोब्याची यादी, रविवारी घरी लिहायचं पत्र, सगळीकडे अक्षरंच आडवी येतात. माहितीपत्रकात ‘दुसरं घर’ असं छापून आपण फी घेतो ना? ‘तारे जमीन पर’ बघून तुम्हीही डोळे पुसले असतील. त्यातला मुलगाही वसतिगृहातच होता.

आजपासून अभ्यासिकेत त्याला धडा वाचून दाखवायचा. उत्तरं तोंडी घ्यायची. फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावायचं नाही, छापील प्रत द्यायची. शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. घटक चाचणीपासून लेखनिक मिळेल, खालच्या वर्गातला. रेक्टरांनाही हे तुम्हीच समजावायचं. आणि ज्या वर्गाला हसू दिलंत, त्या वर्गासमोर उद्या पहिल्या तासाला त्याची माफी मागायची.

शनिवारी मी वही तपासणार आहे. त्याची नव्हे, तुमची टाचणवही. या मुलासाठी काय बदललंत, ते तीत दिसलं पाहिजे. या आता.