शुद्धी, मालकी आणि घरातले पाणी

घरातल्या पाण्याच्या काटकसरीविषयी धर्मविचारात दोन प्रश्न येतात. शुद्धीसाठी पाणी किती लागते, हा पहिला. आणि घरात आलेले पाणी कोणाचे, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाला वेगवेगळ्या परंपरांनी थेट मापच ठरवून दिले आहे. वैदिक आचारात आचमनाला तळहातावर उडदाचा दाणा बुडेल एवढेच पाणी पुरते. ते पळीने घेतात. धर्मशास्त्रात स्नानाचे सात प्रकार सांगितले आहेत. पाण्यात अंग बुडवण्याचे वारुण स्नान हा त्यांतला एक. भस्माचे आग्नेय आणि केवळ चिंतनाचे मानस स्नान हेही त्याच यादीत आहेत. हदीसप्रमाणे पैगंबर मुहंमद एक मुद्द पाण्यात वुजू (नमाजाआधीची अंगशुद्धी) करीत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात स्नान उरकत. मुद्द म्हणजे ओंजळभर, आणि चार मुद्दांचा एक साअ. वुजूत हात, तोंड, पाय तीनदा धुवायचे. त्याहून अधिक धुणे नापसंत मानले जाते. पाणी नसेल तर स्वच्छ मातीने तयम्मुम चालते.

जैन विचार आणखी पुढे जातो. पाणी हेच अप्काय जीवांचे शरीर असल्यामुळे ते वापरणे म्हणजे काही ना काही हिंसा करणे. म्हणून पाणी गाळून घ्यायचे, गाळण्यावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी असेल तिच्यातच हलकेच परत सोडायची आणि गरजेपुरतेच पाणी वापरायचे. येथे काटकसर हा अहिंसेचाच भाग ठरतो.

रोजच्या व्यवहारात मात्र शुद्धीच्या नावाखाली पाणी वाया जाते. सकाळी नळाला पाणी आले की अनेक घरांत आदल्या दिवशीचे माठ-कळशीतले चांगले पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतले जाते. रात्रभर राहिलेले, म्हणजे पर्युषित, पाणी शास्त्राने पूजेला वर्ज्य सांगितले आहे आणि त्यातूनही गंगाजल वगळले आहे. हा नियम पूजेचा आहे. झाकून ठेवलेले पाणी एका रात्रीत वापराला निकामी होत नाही. नव्या काळातली शुद्धीही खर्चिक आहे. घरातली अनेक आरओ यंत्रे जेवढे पाणी पिण्याला देतात, त्याहून अधिक नळीवाटे बाहेर टाकतात. ते बादलीत धरले तर फरशी पुसायला कामी येते.

दुसरा प्रश्न मालकीचा. पाणीपट्टी भरली की पाणी आपले झाले, असा समज असतो. पाणीपट्टी असते ती पाणी घरापर्यंत आणण्याच्या खर्चासाठी. पाऊस कोणी विकत घेतलेला नसतो. ईशोपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात त्यागपूर्वक भोगाचा आणि दुसऱ्याच्या धनाचा लोभ न धरण्याचा उपदेश आहे. गांधीजींनी 1930 मध्ये येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत अस्तेयाचा अर्थ असाच विस्तारला: गरज नसलेली वस्तू घेणे हीदेखील चोरीच. पाणीपुरवठ्याच्या सरकारी निकषांत शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर, तर जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसाला 55 लिटर धरलेले आहेत. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा प्रदेशात वाहता ठेवलेला नळ अस्तेयाच्या कसोटीला उतरत नाही.

या कर्तव्यालाही मर्यादा आहे. हात धुणे, शौचालय स्वच्छ ठेवणे, आजाऱ्याची आणि बाळंतिणीची स्वच्छता यांत हात आखडता घेणे म्हणजे आरोग्याशी खेळ होय. टँकरपुढे हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला काटकसरीचा उपदेश करण्यातही अर्थ नाही. ती मुळातच मोजून पाणी वापरते. पाणी जपण्याचा धर्म सर्वांत आधी त्यांना लागू होतो, ज्यांच्या घरी नळ चोवीस तास वाहतो.