सवलत तिकिटाला, अडचण पायरीला

सार्वजनिक वाहतुकीतील दिव्यांगांचा प्रश्न महाराष्ट्रात बहुधा भाड्याच्या अंगाने मांडला जातो, आणि त्या अंगाने पाहता राज्याने हात आखडता घेतला असे म्हणता येणार नाही; एसटीच्या साध्या बसमध्ये दिव्यांग प्रवाशाला भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते, शिवाय त्याच्यासाठी आसनही राखून ठेवलेले असते. मात्र त्या आसनापर्यंत नेणाऱ्या दाराच्या उंच पायऱ्या व्हीलचेअर वापरणाऱ्याला चढता येत नाहीत, म्हणून त्याला कोणीतरी उचलून आत न्यावे लागते आणि खुर्ची घडी करून सामानात टाकावी लागते. भाडे न परवडणे हा ऐपतीचा प्रश्न आहे, बसमध्ये चढता न येणे हा रचनेचा. पहिल्याचे उत्तर शोधून दुसरा सुटल्याचे समाधान मानण्यात आजवरच्या धोरणाचा मुख्य दोष आहे.

रचनेचा हा प्रश्न बराचसा मिलिमीटरचा आहे. भारतातील शहरी बसच्या जमिनीची रस्त्यापासूनची उंची साध्या बसमध्ये सुमारे ९०० मिलिमीटर, सेमी लो फ्लोअरमध्ये ६५० आणि लो फ्लोअरमध्ये ४०० मिलिमीटर धरली जाते. इमारतीच्या रॅम्पसाठी एकास बारा, म्हणजे बारा मीटर लांबीत एक मीटर चढ, हे प्रमाण सर्वमान्य आहे. त्या हिशेबाने साध्या बसला जवळजवळ बसइतकाच, १०.८ मीटर लांबीचा रॅम्प लागेल. लो फ्लोअर बस हवेच्या दाबावरील स्प्रिंगांच्या साहाय्याने दाराकडची बाजू आणखी ६०-७० मिलिमीटर खाली झुकवू शकते, आणि ती १५० मिलिमीटर उंचीच्या फूटपाथला अगदी लागून उभी राहिली तर उरलेले अंतर २०० मिलिमीटरच्याही आत येते, जे मीटरभर लांबीच्या दुमडत्या रॅम्पवरून थोड्या मदतीने पार करता येते. परंतु थांब्यासमोर रिक्षा उभ्या असल्यामुळे चालकाने बस मध्येच थांबवली, तर तोच रॅम्प थेट रस्त्यावर टेकतो, त्याचा चढ एकास तीन इतका खडा होतो, आणि महागडी लो फ्लोअर बसही निरुपयोगी ठरते. म्हणूनच सुगम्यता, म्हणजे कोणाच्या मेहरबानीवाचून वापरता येण्याची सोय, ही एकट्या वाहनात नसते. फूटपाथ, थांबा, बस आणि चालक यांची ती साखळी असते. अहमदाबादच्या जनमार्ग या जलद बससेवेने २००९ मध्ये याच प्रश्नाचे उलट बाजूने उत्तर शोधले: बसची जमीन उंचच ठेवून थांब्याचा फलाट तिच्या पातळीला आणला.

अशी सोय कोणत्याही देशात आपखुशीने आलेली नाही. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात ५ जुलै १९७८ रोजी १९ दिव्यांग आंदोलकांनी कोलफॅक्स आणि ब्रॉडवे या रस्त्यांच्या चौकात बस अडवल्या आणि रात्रभर त्या जागच्या हलू दिल्या नाहीत. अशा अनेक आंदोलनांनंतर १९९० च्या कायद्याने तेथील शहरांच्या नव्या सार्वजनिक बसला व्हीलचेअरच्या प्रवेशाची सोय बंधनकारक केली. ब्रिटनमधील एका खटल्याने पुढचा प्रश्न उभा केला. २०१२ मध्ये वेदरबीहून लीड्सला निघालेले व्हीलचेअर वापरणारे डग पॉली रॅम्प असलेल्या बसमध्येही चढू शकले नाहीत, कारण व्हीलचेअरच्या जागेत एका महिलेने बाबागाडी ठेवली होती आणि चालकाने विनंती करूनही ती हलवली नाही. नुसती विनंती करून गप्प बसण्याचे कंपनीचे धोरण पुरेसे नाही, गरज पडल्यास काही मिनिटे बस थांबवून ठेवण्यासारखा दबावही चालकाने विचारात घ्यावा, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये दिला. यंत्राने दार उघडले तरी आतली जागा राखण्याचे काम माणसालाच करावे लागते, हे त्यातून स्पष्ट झाले.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४१ सर्व वाहतूक साधनांत प्रवेशाची सोय मागते, पण जुन्या वाहनांतील बदल तांत्रिकदृष्ट्या शक्य, सुरक्षित आणि आर्थिकदृष्ट्या परवडणारे असावेत, अशी पळवाटही ठेवते. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी या कायद्याखालील नियम १५(१) रद्दबातल ठरवला, कारण कायद्याने बंधनकारक केलेली सुगम्यता त्या नियमाने केवळ शिफारशीच्या पातळीवर आणून ठेवली होती.

व्हीलचेअरवरचे प्रवासी बसमध्ये दिसतच नाहीत, मग एवढा खर्च कोणासाठी, हा यावरचा नेहमीचा आक्षेप असतो. पण ज्याला चढताच येत नाही तो प्रवासी तिकीटविक्रीच्या आकड्यांत उतरणार कसा? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली आणि त्यांतील सुमारे पाचवा हिस्सा हालचालींशी संबंधित अपंगत्वाचा होता. ही माणसे घराबाहेर कमी दिसतात, याचे एक कारण हे थांबेच आहेत. तेव्हा जुन्या ताफ्याचा वाद बाजूला ठेवला तरी नव्या खरेदीच्या निविदेत बसच्या जमिनीची उंची, रॅम्प आणि खुर्ची बांधून ठेवण्याची जागा या अटी असाव्यात, थांब्यांची बांधणी त्याच अंदाजपत्रकात धरावी आणि चालक-वाहकांच्या प्रशिक्षणात रॅम्पचा सराव असावा. सरकारी बस १५ वर्षांपर्यंत रस्त्यावर राहू शकते. त्यामुळे उंच पायऱ्यांची प्रत्येक नवी बस विकत घेणे हा पुढील दीड दशकासाठी काही नागरिकांना प्रवास नाकारण्याचा निर्णय ठरतो, आणि तो घेणाऱ्यांनी निविदेवर सही करताना तसे लेखी नोंदवण्याची तयारी ठेवावी.