अदंभित्व आणि प्रकट होण्याचा हक्क

समाजमाध्यमांवर वावरणाऱ्या माणसाकडून आज दोन अपेक्षा एका दमात केल्या जातात: त्याने खरे असावे आणि त्याने दिसत राहावे. जो जितका अधिक दिसतो तितका तो अधिक खरा, असे गृहीत धरले गेल्यामुळे सकाळच्या विस्कटलेल्या केसांपासून मनाच्या विस्कटलेल्या अवस्थेपर्यंत सर्व काही पडद्यावर मांडणे हा प्रामाणिकपणाचा पुरावा मानला जाऊ लागला आहे. २०२० साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या ‘बीरिअल’ या ॲपने तर या कल्पनेला यंत्राची शिस्त लावली. दिवसातून एकदा, अवचित वेळी सूचना येते. दोन मिनिटांच्या आत फोनच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कॅमेऱ्यांनी एकदम छायाचित्र टिपायचे असते. नटण्यासाठी वेळच उरू नये हा हेतू स्तुत्य होता. परंतु उशिरा छायाचित्र टाकण्याची मुभा असल्याने बरा दिसणारा क्षण येईपर्यंत थांबता येते, आणि मग न नटलेले दिसणे हाच नटण्याचा एक प्रकार होऊन बसतो.

भारतीय चिंतनात या प्रश्नाचा विचार दंभाच्या, म्हणजे लोकांनी मानावे यासाठी मांडलेल्या गुणप्रदर्शनाच्या, अनुषंगाने झाला आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्ती सांगताना दंभाचा उल्लेख सर्वांआधी येतो, तर तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजताना अमानित्वाच्या, म्हणजे मानाची हाव नसण्याच्या, पाठोपाठ अदंभित्व येते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, पूर्ण झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’त या एका शब्दाचा जो विस्तार आहे तो आजच्या वाचकाने थांबून वाचावा असा आहे. लोभी माणूस जीव गेला तरी पुरलेल्या ठेव्याची जागा सांगत नाही, तसा अदंभी पुरुष प्राणसंकटातही आपले सुकृत बोलून किंवा वागण्यातून उघड करत नाही, असे ज्ञानेश्वर म्हणतात. आणि पुढे शेतकरी पेरलेले बी मातीने झाकतो, हा दृष्टांत देतात. या दोन दृष्टांतांत सूक्ष्म फरक आहे. लोभ्याचे लपवणे राखण्यासाठी असते, शेतकऱ्याचे झाकणे उगवण्यासाठी. आणि त्या झाकण्याला कोणी खोटेपणा म्हणत नाही. झाकलेले ते बनावट आणि उघडे ते अस्सल ही आजची समजूत ज्ञानेश्वरांच्या या मांडणीपुढे टिकत नाही, कारण काही सत्ये अशी असतात की ती रुजण्याआधी उघडी पडली तर वाळून जातात.

दंभाचे मूळ कोठे असते, हे गीतेच्या सतराव्या अध्यायातून अधिक स्पष्ट होते. सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेले तप तेथे राजस, म्हणजे कामनेने चाळवलेले, ठरवले असून त्याला चंचल आणि अस्थिर म्हटले आहे. या मानाचे आजचे माप म्हणजे लाइक. इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये काही देशांत लाइकची संख्या इतरांपासून लपवून पाहिली आणि २०२१ मध्ये तो पर्याय सर्वांना दिला. मात्र ज्याचे छायाचित्र त्याला स्वतःला ती संख्या दिसतच राहिली. गीतेच्या दृष्टीने पाहता औषध शेजाऱ्याला मिळाले आणि रोगी तसाच राहिला.

असे असले तरी संतांनी स्वतःविषयी मौन पाळले, असे म्हणता येत नाही. तुकोबांनी आपल्या आयुष्याची हकिकत अभंगात सांगितली आहे. दुष्काळाने द्रव्य आणि मान दोन्ही नेले, एक पत्नी अन्न अन्न करत गेली, व्यवसाय बुडाला, हे सर्व त्यांनी उघड केले. परंतु ही हकिकत बोलू नये अशी असून संतांनी विचारले म्हणूनच सांगतो, असेही त्यांनी त्याच ठिकाणी नोंदवले आहे. त्यांच्या कथनात लज्जास्पद ते पुढे आले आहे आणि मोठेपण मागे राहिले आहे. पडद्यावरील आत्मकथनात दुःखही बहुधा त्यावर मिळवलेल्या विजयासह येते. तुकोबांचे दिवाळे मात्र दिवाळेच राहते.

तथापि अदंभित्वाच्या उपदेशाला एक मर्यादा आहे आणि ती डावलली तर या सद्गुणाचा अन्याय्य वापर होतो. सुकृत लपवावे, हे ज्याचे सुकृत लोक मान्य करतात त्याला सांगणे योग्य. चोखामेळ्याला पंढरीच्या देवळात प्रवेशच नव्हता. त्याची समाधी महाद्वारासमोर बाहेर आहे, आणि ते देऊळ दलितांना खुले होण्यासाठी १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. आपली जात उच्चारून देवाला जोहार घालणारा चोखोबा प्रदर्शन करत नव्हता; ज्याला समाजाने नजरेआड ठेवले तो आपण आहोत हे सांगत होता. १९७८ मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन प्रसिद्ध झाले, तेव्हा घरातले असे उघड्यावर का मांडायचे असा आक्षेप घेणाऱ्यांना हा भेद दिसला नाही. एखादी तृतीयपंथी व्यक्ती किंवा सफाई कामगाराची मुलगी आज स्वतःच्या नावानिशी, चेहऱ्यानिशी मोबाइलसमोर बोलते तेव्हा तिला अदंभित्व शिकवणे म्हणजे गप्प बसण्याच्या जुन्या हुकमाला ज्ञानाचा शेला पांघरणे होय.

दान देतानाचा व्हिडिओ टाकणारा सुस्थित गृहस्थ आणि ती मुलगी यांच्यासाठी पडद्याची चौकट सारखीच असते आणि दोघांखालीही लाइकचा आकडा सारखाच धावतो. ज्या यंत्रणेने तो आकडा मांडला आहे तिला या दोघांतला फरक कळत नाही. मुलीच्या बाबतीत धोका पुढे असतो: दुःखाचा कोणता भाग पुन्हा सांगावा हे त्या आकड्यावरून ठरू लागले, की तेराव्या अध्यायातील अदंभित्वाचा प्रश्न तिच्याही दारी येतो, मात्र तो तिने स्वतःला विचारायचा आहे, तिचे बोलणे ऐकण्याआधीच इतरांनी नव्हे.